टाईप रेटिंग आधी की नोकरी आधी? छोट्या विमान कंपन्यांत जाऊ पाहणाऱ्या बेळगावकडच्या पोरांसाठी

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. थोडक्यात असा: "काका, सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) झालं. मल्टी-इंजिन आणि आयआर (उपकरणांच्या आधारे उडण्याचं रेटिंग) पण झालंय. एकूण तास दोनशेच्या थोडे वर. वर्ष होत आलं, घरीच आहे. मोठ्या कंपन्यांकडून काही हालचाल नाही. बाबा म्हणतात थोडं शेत काढू, पण एअरबस ए३२० चं टाईप रेटिंग (त्या एका जातीचं विमान उडवायची परवानगी) करून घे. स्टार एअर, फ्लाय९१ असल्या छोट्या कंपन्यांत कसं जायचं? बेळगावलाच राहता येईल का? आणि एक एजंट तीन लाखांत कोपायलटची जागा देतो म्हणतोय, असं असतं का?"

मी एटीआरवर, म्हणजे पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानावर, कॅप्टन आहे, मूळचा बेळगावचा, आणि नवीन मुलांच्या मुलाखतींना पॅनेलवर बसतो. तिथून जे दिसतं ते सांगतो.

आधी शेताचं. विकू नको. नोकरीचं पत्र हातात नसताना ए३२० चं रेटिंग करायला वीस लाखांच्या आसपास जातात आणि मिळतं काय, तर लायसन्सवर एक शिक्का. त्या विमानावर तुझे तास शून्य. जाहिरातीत 'टाईप रेटेड' असं लिहिलेलं असतं तेव्हा कंपनीला बहुतेक वेळा रेटिंग आणि त्या विमानावरचे काहीशे तास, दोन्ही हवे असतात. वर ते रेटिंग चालू ठेवायचं तर ठरावीक काळाने सिम्युलेटरवर चेक द्यावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. रेटिंग करून दोन वर्षं बसलेली मुलं माझ्यासमोर आली आहेत. पॅनेलचा पहिला प्रश्न असतो, "शेवटचं कधी उडलास?" त्यावर रेटिंगचा काही उपयोग होत नाही.

आता छोट्या कंपन्या भरती कशी करतात ते समजून घे, कारण मुलांना हेच कुणी सांगत नाही. मोठ्या कंपनीत भरती सतत थोडी थोडी चालू असते. छोट्या कंपनीत ती विमानाबरोबर येते. कंपनीकडे चार विमानं असतील आणि पाचवं येणार असेल, तर त्या पाचव्यासाठी कॅप्टन आणि कोपायलटच्या पाच-सहा जोड्या लागतात. विमान लीजवर घेतलं की भाडं पहिल्या दिवसापासून सुरू होतं, ते उभं ठेवणं परवडत नाही. म्हणून पोरं आधी घ्यावी लागतात: ग्राउंड क्लास, सिम्युलेटर, मग प्रवासी घेऊन ट्रेनरच्या देखरेखीखाली उड्डाणं, मग रिलीज चेक (देखरेखीशिवाय उडू देण्याआधीची परीक्षा). यात सहज पाच-सहा महिने जातात. म्हणजे विमान रांगेत लागायच्या सहा-आठ महिने आधी कंपनीचं दार उघडतं, दहा-बारा जण आत जातात आणि दार बंद होतं. जाहिरात कधी येते, कधी येतही नाही. आधी आलेल्या अर्जांतूनच माणसं बोलावतात.

तेव्हा जाहिरातीपेक्षा विमानांवर लक्ष ठेव. कोण एटीआर लीजवर घेतंय, कुणाला उडानचे (छोट्या गावांसाठीच्या सरकारी विमान योजनेचे) नवे मार्ग मिळालेत, कुणी नवीन बेस (विमानं आणि पायलट ठेवायचं ठिकाण) काढतंय. आपल्याकडे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. नव्या वेळापत्रकात कंपनीची उड्डाणं वाढली आणि विमानं तेवढीच राहिली, तर पुढचं विमान यायचंय किंवा आहे त्या पायलटांना ताण पडतोय. दोन्हीत तुझा फायदा. २०२५ मध्ये पायलटांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. त्याच वर्षी डिसेंबरात देशभर विमानं रद्द झाली ती तू पाहिलीसच, त्यात पायलटांचं गणित चुकणं हे मोठं कारण होतं. एका विमानामागे लागणारी माणसं वाढली आहेत. तुझ्यासारख्याच्या दृष्टीनं हे चांगलं आहे, फक्त रांगेत तू एकटा नाहीस. २०२३ या एका वर्षात डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, १,६२२ सीपीएल दिली.

आपल्या बाजूला कोण आहे ते बघू. स्टार एअर ही घोडावतांची, म्हणजे कोल्हापूरकडची. जानेवारी २०१९ मध्ये एम्ब्रेअर ईआरजे-१४५ घेऊन सुरू झाली, २०२३ पासून ई१७५ आहेत. दोन्ही जेट. फ्लाय९१ मार्च २०२४ पासून गोव्यातल्या मोपाहून उडते, एटीआर ७२-६०० वर. आपल्याला चोर्ला घाट उतरला की गोवा. अलायन्स एअर अजून सरकारची आहे, एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा ही सरकारकडेच राहिली. तिच्याकडे मुख्यत्वे एटीआर. इंडिगो छोटी नाही, पण तिच्याकडे २०१७ पासून एटीआरचा मोठा ताफा आहे आणि बेळगाव, हुबळी, कोल्हापूर असल्या ठिकाणी तीच विमानं दिसतात. बाकी देशात सेसना कॅरव्हॅनवर उडणारी इंडियावन एअर वगैरे आहेत, तीही नजरेत ठेव.

यात मला स्वतःला एटीआर पसंत आहे, आणि ते मी उडवतो म्हणून नव्हे. एटीआरचं रेटिंग देशात तीन-चार ठिकाणी चालतं. एक कंपनी बसली तर दुसरीचा दरवाजा ठोठावता येतो. ई१७५ विमान म्हणून फार सुरेख आहे, जेटचे तास मिळतात, पुढे एअरबसकडे जाताना त्याचं वजन पडतं. पण प्रवासी वाहतुकीत ते देशात जवळजवळ एकट्या स्टार एअरकडेच आहे. उद्या तिथून निघायची वेळ आली तर तेच विमान दुसरीकडे मिळणार नाही, नव्याने रेटिंग आलं. कॅरव्हॅनचं आणखी वेगळं. एक इंजिन, वजन ५,७०० किलोच्या आत. बऱ्याच जाहिरातींत ५,७०० किलोच्या वरच्या विमानावरचे तास मागतात, तिथे कॅरव्हॅनचे तास धरत नाहीत. तरी घरी बसण्यापेक्षा कॅरव्हॅन कधीही बरी.

एटीआरचं काम कसं असतं ते पण ऐक, नाहीतर नंतर म्हणशील काकांनी सांगितलं नाही. विमान जास्तीत जास्त २५,००० फुटांपर्यंत जातं, बहुतेक उड्डाणं त्याच्याही खाली. जेट ढगांच्या वरून जातं, आपण त्यांच्यातून वाट काढतो. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर काय परिस्थिती असते हे खानापूरच्या पोराला मी काय सांगू? सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे, पावसात ढग खाली उतरले की घिरट्या घाला, नाही जमलं तर दुसरीकडे वळवा, हे रोजचं. दिवसाला चार, कधी सहा उड्डाणं, प्रत्येक तासाभराचं. लँडिंग भरपूर, तास मात्र हळूहळू साठतात. हात जो तयार होतो तो मात्र पुढे आयुष्यभर पुरतो. दिल्ली-बंगळूर जेटवर कोपायलटला महिन्याला जेवढी लँडिंग मिळतात, तेवढी इथं काही दिवसांत होतात.

पगाराचं एक लक्षात ठेव. छोट्या कंपनीत पगाराचा एक भाग ठरलेला आणि एक भाग उडलेल्या तासांवर असतो. विमानं चारच असतील आणि त्यातलं एक सुट्या भागाची वाट बघत हँगरमध्ये बसलं, तर सगळ्यांचे तास कमी होतात. म्हणून ऑफर आली की आधी विचार: महिन्याला किमान किती तासांचे पैसे नक्की मिळणार? न उडता मिळणार का? हे पत्रात लिहून घे. तोंडी आश्वासनावर राहू नको.

आणि कंपनी टिकेल का हे तूच बघायचं आहेस, दुसरं कुणी बघणार नाही. एअर डेक्कन २००३ मध्ये आली, पुढे किंगफिशरमध्ये विरली, किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. एअर कोस्टा २०१७ मध्ये, जेट २०१९ मध्ये, ट्रूजेट २०२२ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये. यातली ट्रूजेट बेळगावहून हैदराबाद, तिरुपतीला जायची, आठवत असेल. मोठी कंपनी पडली की हजारो तासांचे पायलट एकदम बाजारात येतात आणि दोनशे तासांच्या पोराचा नंबर खाली जातो. छोटी पडली तर तू स्वतःच बाजारात येतोस.

उडान योजनेचं गणित त्यासाठी समजायला हवं. २०१६ मध्ये योजना जाहीर झाली, एप्रिल २०१७ मध्ये पहिलं विमान दिल्ली-शिमला मार्गावर उडालं. ठरावीक जागा कमी दरात विकायच्या, त्यातली तूट सरकार भरून देणार, आणि हे तीन वर्षं. तीन वर्षांत मार्ग आपल्या पायावर उभा राहिला तर ठीक, नाहीतर कंपनी तो सोडून देते. बेळगावला हे डोळ्यांसमोर घडलं. २०१८ मध्ये स्पाईसजेटने आपली विमानं हुबळीला हलवली तेव्हा गावात केवढी ओरड झाली. मग जानेवारी २०१९ मध्ये उडानच्या तिसऱ्या फेरीत बेळगावचे मार्ग दिले गेले आणि वर्षभरात सांबऱ्याला गर्दी झाली. मदतीची मुदत सरत गेली तसे त्यातले कितीतरी मार्ग बंद पडले. म्हणून कंपनीचे किती मार्ग सरकारी मदतीवर आहेत आणि किती तिच्याशिवाय चालतात, हा प्रश्न नोकरी शोधणाऱ्यानेही विचारायचा असतो.

याची माहिती फुकट मिळते. डीजीसीए दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल काढते. त्यात कंपनीगणिक प्रवासी, विमानं किती टक्के भरली, किती उड्डाणं रद्द झाली आणि कशामुळे, हे सगळं असतं. हवामानामुळे रद्द झाली तर हरकत नाही. पण एखाद्या छोट्या कंपनीचा रद्दचा आकडा तीन-चार महिने सलग चढता असेल आणि कारण तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर समज की तिथे विमानांना भाग मिळत नाहीत किंवा पैसे आटलेत. मुलाखतीला जाण्याआधी हे वाचून गेलास तर समोरच्या माणसालाही कळतं की पोरगं अभ्यास करून आलंय.

बेळगावलाच राहता येईल का? बहुधा नाही. स्टार एअरचा मुख्य बेस बंगळूर, फ्लाय९१ चा गोवा. छोट्या गावी विमान रात्री थांबतं तेव्हाही बहुतेक वेळा पायलट हॉटेलात असतात, घरी नाही. पण तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी दिल्लीच्या पोराकडे नाही. छोट्या कंपन्यांची मोठी डोकेदुखी म्हणजे पोरं ट्रेनिंग घेतात, हजार तास झाले की एअरबसकडे पळतात. हुबळी, मोपा, जळगाव असल्या ठिकाणी राहायला राजी असलेला, घर चार तासांवर आहे म्हणून न कंटाळणारा पोरगा त्यांना हवा असतो. मुलाखतीत "मला प्रादेशिक विमानसेवेची आवड आहे" असली वाक्यं टाकू नको, सगळेच टाकतात. सरळ सांग की माझं घर खानापूरला, मोपा किंवा हुबळी बेस मिळाला तर मला सोयीचं आहे, आणि मी कमांडपर्यंत, म्हणजे कॅप्टन होईपर्यंत, थांबायच्या विचाराने आलोय. मराठी, कन्नड, कोकणी येतं हेही सांग, पण त्याच्या जोरावर निवड होईल असं समजू नको. कॉकपिटमध्ये इंग्रजीच लागतं.

इंग्रजीवरून आपली पोरं उगाच खचतात. मराठी शाळेत शिकलेला मुलगा पॅनेलसमोर आला की वाक्य मनात मराठीत करतो, मग इंग्रजीत आणतो, आणि तेवढ्यात अडखळतो. पॅनेलला उच्चार नको असतो. विचारलं ते कळलं का आणि थोडक्यात सांगता आलं का, एवढं बघतात. रोज अर्धा तास एखाद्या मित्रासमोर हवामान, परफॉर्मन्स, एअर रेग्युलेशन यातला एक विषय इंग्रजीत मोठ्याने समजावून सांग. मित्र नसेल तर भिंतीला सांग.

निवडीत लेखी परीक्षा असते, बहुतेक ठिकाणी कंपास किंवा अडॅप्टसारखी मानसशास्त्रीय चाचणी, मग मुलाखत आणि कधी सिम्युलेटर. लेखीत पोरं फार पडतात, कारण सीपीएल झाल्यावर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकतात. एटीपीएलचे (कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या लायसन्सचे) पेपर आत्ताच देऊन टाक, बसलायस तसाही. लायसन्सला १,५०० तास आणि २१ वर्षं पूर्ण लागतील तेव्हा लागतील, पण पेपर झालेले असले की अर्जात एक ओळ वाढते आणि अभ्यासही ताजा राहतो. सिम्युलेटरला बोलावलं तर ऑटोपायलट आणि फ्लाईट डायरेक्टर (पडद्यावर दिशा दाखवणारी सोय) न वापरता होल्डिंग (ठरलेल्या जागी घिरट्या) आणि आयएलएस (रेडिओ संकेतांवर धावपट्टीकडे उतरणं) नीट जमलं पाहिजे. इंजिन फेल केलं तर घाई करू नको. आम्ही बघतो ते हे, की चूक झाल्यावर पोरगा बोलतो का गप्प बसतो. बोलणाऱ्याला शिकवता येतं.

कागदपत्रांकडे आपल्याकडचे लोक दुर्लक्ष करतात, आणि सीमाभागात ती भानगड जास्तच. दहावीच्या मार्क्स कार्डवर नावाआधी इनिशियल, पीयूसीला (बारावीला) पूर्ण नाव, आधारवर कन्नडवरून इंग्रजीत आलेलं वेगळं स्पेलिंग, पासपोर्टवर तिसरंच. सीपीएल झालंय म्हणजे तू डीजीसीएकडून निभावलास. पण कंपनीची पडताळणी आणि विमानतळाच्या पाससाठी होणारी पोलिस चौकशी यात हे पुन्हा उकरलं जातं. एकच स्पेलिंग ठरव, बाकीची दुरुस्त करून घे, बोर्डातली दुरुस्ती वेळ खाते म्हणून आधी तीच धर. क्लास वन मेडिकल तुझ्या वयाला वर्षाचं असतं, आयआरही वर्षाचा. तुला वर्ष होत आलंय म्हणालास. तो आयआर संपू देऊ नको. शेत विकून रेटिंग करण्याऐवजी त्यातल्या अगदी थोड्या पैशांत आयआर नूतनीकरण कर आणि महिन्याला थोडे तास उडत राहा.

त्यापेक्षाही चांगला रस्ता तुझ्या दारात आहे. २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी या पाच विमानतळांवर नव्या प्रशिक्षण संस्थांना जागा दिली. सांबऱ्याला त्यामुळे पोरं शिकतायत. बारामती आहेच. असिस्टंट फ्लाईट इन्स्ट्रक्टर रेटिंग कर आणि शिकवायला लाग. पगार फार नाही, उन्हात उभं राहावं लागतं, पण शिकवताना मिळणारे तास पायलट-इन-कमांड (पीआयसी), म्हणजे विमानाचा मुख्य पायलट, म्हणून नोंदवले जातात आणि पुढे एटीपीएलला हेच तास अनेकांना कमी पडतात. "शेवटचं कधी उडलास?" या प्रश्नाला "काल सकाळी" असं उत्तर देणारा पोरगा आम्ही परत पाठवत नाही, निदान मी तरी नाही. चार्टर आणि एअर अँब्युलन्सच्या कंपन्यांकडे किंग एअरसारखी विमानं असतात, तिथेही कधीमधी कोपायलट लागतो. तिथली जागा ओळखीने कळते, आणि ती ओळख इन्स्ट्रक्टर म्हणून धावपट्टीवर वावरताना होते, घरी बसून नाही.

अर्ज पाठवताना सीव्ही एका पानाचा. वरच्या चार ओळींत एकूण तास, पीआयसी तास, मल्टी-इंजिनचे तास, आयआर आणि मेडिकल कोणत्या तारखेपर्यंत. आवडीनिवडी, शाळेतली बक्षिसं काही नको. कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर पाठव आणि तीन महिन्यांनी तास वाढले की नवा पाठव. लागोपाठ आठवड्याला पाठवशील तर कंटाळतील.

पत्र आलं तर सही करण्याआधी बाँड वाच. छोट्या कंपन्या रेटिंगचा खर्च स्वतः करतात किंवा पगारातून कापतात आणि बदल्यात काही वर्षं बांधून घेतात. यात गैर काही नाही. पण रक्कम दर वर्षी उतरत जाते का, कंपनीने उड्डाणंच थांबवली तर बाँडचं काय, आणि ट्रेनिंग कंपनीच्या कारणाने रखडलं तर पगार मिळतो का, हे तीन मुद्दे कागदावर असलेच पाहिजेत. मूळ लायसन्स किंवा मार्क्स कार्डं कुणाकडे ठेवू नको, कोरे चेक तर नकोच. कुणी मागितलेच तर बेळगावातल्या एखाद्या वकिलाला करार दाखव, त्याची फी शेतापुढे काहीच नाही. सोडण्याची नोटीस कोपायलटला सहा महिने आणि कॅप्टनला वर्ष आहे, २०१७ पासून, तेही धरून चाल.

बाबांना बँकेचा विचार डोक्यात असेल तर आणखी एक. मोठ्या शिक्षणकर्जाला बँका तारण मागतात आणि शेतजमीन बहुधा घेत नाहीत, एनए प्लॉट किंवा घर मागतात. आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) घेऊन शाखांत चकरा मारण्याआधी हे फोनवर विचारा. आणि कर्ज काढायचंच झालं तर ते नोकरीचं पत्र आल्यावर, त्या कंपनीच्या विमानाच्या रेटिंगसाठी काढा.

एजंटचं तीन लाखांचं. कुठलीच कंपनी एजंटकडून कोपायलट घेत नाही. तो काय करतो, तर दहा पोरांकडून पैसे घेतो. त्यातल्या एक-दोघांची निवड त्यांच्या स्वतःच्या जोरावर होते आणि ती आपण केली म्हणून सांगतो. बाकीच्यांना 'पुढच्या बॅचला' म्हणत राहतो. त्याने कंपनीच्या नावाचं काही पत्र दाखवलं असेल तर त्या कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर पाठवून खरं आहे का विचार, आणि तोवर एक रुपया देऊ नको. पैसे दिले असतील तर खानापूर पोलिसांत तक्रार दे, आणि तुझ्याबरोबर शिकलेली जी पोरं त्याच्याकडे जायच्या बेतात आहेत त्यांना आजच फोन कर.